ज्यांनी काम शिकवलं त्यांनाच मेमो कसा द्यायचा?

कुपवाडकर | सोमवार, रात्री ११:२०

तीन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये आहे. आयटीआय करून हेल्पर म्हणून लागलो त्याला चौदा वर्षं झाली. मग ऑपरेटर झालो आणि गेल्या दिवाळीपासून शिफ्ट सुपरवायझर आहे. हाताखाली अकरा माणसं. त्यातले एक नाना. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) कसा फिरवायचा, कापलेल्या धातूची चिप निळी पडली की काय समजायचं, डायल कसा वाचायचा, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. पहिल्या वर्षी माझी बाही चकमध्ये जाणार होती, तेव्हा कॉलर धरून मागं ओढलं तेही त्यांनीच. माझ्या लग्नात वडलांच्या शेजारी उभे होते. त्यांची रिटायरमेंट पावणेदोन वर्षांवर आलीय.

गेल्या बुधवारी सेकंड शिफ्टला ३२ एमएमचा बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, चालू होता. टॉलरन्स शून्य ते प्लस पंचवीस मायक्रॉन. बोअर बारीक राहिला तर परत मारता येतो, ३२.०२५ च्या वर गेला की पीस थेट भंगारात. साडेपाचला नानांनी इन्सर्ट बदलला. जुना झिजला होता म्हणून त्याला वेअर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढणारी दुरुस्ती, मशीनमध्ये दिलेली होती. नवीन इन्सर्ट लावला की ती काढायची असते, ती राहिली. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही, माझ्याकडूनही दोनदा राहिलीय. त्यासाठीच तर इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस चेक करायचा असतो आणि पुढं दर तासाला पाच. रात्री साडेआठला मी जाता जाता एक पीस उचलला आणि प्लग गेजची नो-गो बाजू लावून बघितली. नो-गो म्हणजे जी आत जाताच कामा नये ती बाजू. सुळकन आत गेली. दुसरा पीस घेतला, सुळकन. ट्रेमध्ये ८६ पीस होते.

मग रिपोर्ट उघडला. साडेपाच, साडेसहा, साडेसात. ३२.०१२, ३२.०१३, ३२.०१२. एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेले आकडे आणि खाली नानांची सही. मापलंच नव्हतं.

मी काय केलं? "नाना, जरा बघत जावा की," एवढंच म्हणालो आणि तेही हसत हसत. साहेबांना लेखी पाहिजे. फोनमध्ये चार वेळा मेमो लिहिला आणि चार वेळा पुसला. माझ्या एका कागदानं त्यांच्या ग्रॅच्युइटीचं काही झालं तर? आणि खरं सांगू का, ग्रॅच्युइटी हे निमित्त आहे. नाना डबा उघडून "ये रं" म्हणतात, तेव्हा माझा घसा कोरडा पडतो.

कायदा सांगू नका, तो नकोय. आपल्याच माणसाला जाब विचारायची वेळ तुमच्यापैकी कुणावर आलीय का? पोटात जो गोळा येतो त्याचं काय करता?

---

खडूस | सोमवार, रात्री ११:४१

पगार सुपरवायझरचा घेता ना? मग द्या मेमो. यात भावनांचा प्रश्न कुठं आला? गोळा आला तर ओवा खा.

---

उगाच | सोमवार, रात्री ११:४८

खडूसराव, तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत हो?

---

खडूस | सोमवार, रात्री ११:५०

एक. तीही वरिष्ठ आहे. स्वयंपाकघरात.

---

बेदाणा | मंगळवार, सकाळी ७:१५

आमची तासगाव तालुक्यात बेदाण्याची शेड आहे. आमचा धंदा घरचा. सख्खा चुलतभाऊ प्रतवारीवर बसतो. बॉक्सच्या वरच्या थराला हिरवागार माल आणि खाली काळपट, असं दोनदा सापडलं. मी काय केलं सांगू? प्रतवारीवर आणखी एक बाई बसवली. भावाला शब्दानं बोललो नाही. वर्षाला एक जादा पगार जातोय, पण दिवाळीचा फराळ एकत्र होतो. स्वस्तात पडलं असं अजून तरी वाटतंय.

---

अॅडव्होकेट मिरजकर | मंगळवार, सकाळी ९:३०

कायदा नको म्हणालात, तरी दोनच गोष्टी सांगतो, कारण तुमची निम्मी भीती त्यातच दिसतेय.

पहिली, मेमोनं ग्रॅच्युइटीला हात लागत नाही. १९७२ च्या कायद्यापासून नियम असा आहे की हलगर्जीपणानं नुकसान केलं म्हणून कामावरूनच काढलं, तर नुकसानीएवढी रक्कम अडवता येते. नोकरी चालू असताना दिलेल्या समजपत्राचा तिच्याशी संबंध नाही.

दुसरी, कारणे दाखवा नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे, तो लेखी विचारलेला प्रश्न असतो. "तुम्ही खोटे आकडे लिहिलेत" असं लिहू नका. "अमुक वेळच्या तीन नोंदी आणि प्रत्यक्ष माप यात तफावत आढळली, खुलासा करावा" असं लिहा. निकाल आधी आणि प्रश्न नंतर, अशी नोटीस उद्या कुठंच टिकत नाही. आणि तशी लिहायला हातही जड जातो. तुम्ही चारदा पुसलात त्याचं कारण कदाचित हेच असेल.

---

आबा वाळवेकर | मंगळवार, सकाळी ११:०२

बाळ, माझं वय ७४. गावातल्या पतसंस्थेत नऊ वर्षं चेअरमन होतो. हे सगळं मी भोगलंय म्हणून जरा लांबण लावतो.

माझ्या व्याह्यांनी ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी म्हणून तीन लाख उचलले. दोन हप्ते भरले आणि थांबले. सचिव दर महिन्याला थकबाकीची यादी पुढं ठेवायचा. मी वरची चार नावं वाचायचो आणि पाचव्या नावाला चष्मा पुसायला काढायचो. सगळ्या संचालकांना कळत होतं, कुणी बोलत नव्हतं. कारण त्यांचीही एकेक पाचवी ओळ होती. घरी सूनबाई चहा ठेवून आत जायची, समोर बसायची नाही. तिलाही कुणीतरी सांगितलं असणार.

अकरा महिने मी असे काढले. शेवटी ऑडिटरनं शेरा मारला आणि सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुली दाखल्याला जावं लागलं. आता ऐक. व्याह्यांच्या नावावर तोवर काही उरलंच नव्हतं, जमीन पोरांच्या नावावर झालेली. वसुली गेली जामीनदाराकडं. जामीनदार कोण? त्यांच्याच वाड्यावर सालानं राहिलेला गडी. मालक म्हणाले म्हणून त्यानं सही केलेली. त्याची एक म्हैस आणि एक मोटरसायकल होती. वसुली अधिकारी गेले तेव्हा त्यानं मोटरसायकलची किल्ली स्वतः आणून दिली आणि "आबांना सांगा, टाकी फुल्ल आहे," म्हणाला.

त्या अकरा महिन्यांत मी स्वतःला मोठ्या मनाचा समजत होतो.

---

टिंबटिंब | मंगळवार, सकाळी ११:२०

......

(आबांची पोस्ट वाचून काही सुचत नाही.)

---

बेदाणा | मंगळवार, सकाळी ११:३४

आबा, मघाशी मी "स्वस्तात पडलं" असं लिहिलंय. त्या जादा बाईचा पगार आम्ही कुठनं काढतो ते आठवलं. बाकी बायकांची हजेरी दहा रुपयांनी वाढवायची होती, ती यंदा राहून गेली. असो.

---

वॉर्ड नंबर तीन | मंगळवार, दुपारी ३:१०

मिरजेत नर्सिंगमध्ये एकवीस वर्षं झाली, त्यातली सात इन्चार्ज म्हणून. तुमचे ३२.०१२, ३२.०१३ वाचून खुर्चीत सरळ बसले.

आमच्याकडं याला "एकशेवीस बाय ऐंशी" म्हणतात. नाइट ड्यूटीला एक नवीन सिस्टर होती, गोड मुलगी, वडील नव्हते, घर तिच्यावर चालायचं. सकाळी चार्ट बघितले तर आख्ख्या वॉर्डचं बीपी १२०/८०. एखादा १२२/८०, तेवढंच कलाकुसरीला. मला तिचा चेहरा बघूनच पोटात कालवलं. ओरडले असते तर ती रडली असती आणि मीही रडले असते. मग मी बीपीचं मशीन उचललं आणि म्हटलं, "चल, राउंड मारू." पहिला बेड, दुसरा बेड, काही न बोलता. सात नंबरचे आजोबा ९०/६० निघाले. ते नुसते पडून होते, "झोप लागली नाही गं" एवढंच म्हणत होते. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आता लिही. आणि वरचं खोडायचं नाही. एक रेघ मार, आकडा दिसला पाहिजे, शेजारी सही कर."

इन्सिडंट रिपोर्ट तिनं स्वतःच्या हातानं लिहिला. मी शेजारी बसून होते. आठ दिवस ती माझ्याशी ड्यूटीपुरतं बोलली.

कुपवाडकर, एक विचारू? राग मानू नका. ८६ पीस भंगारात गेले म्हणजे त्या रात्री रजिस्टरला काहीतरी कारण लिहिलंच असेल. काय लिहिलंत?

---

मायक्रॉन | मंगळवार, सायंकाळी ६:२५

मी क्वालिटीत आहे, पुण्यात, मूळचा विट्याचा. जरा वेगळं बोलतो. तुम्ही सगळे माणसाच्या मागं लागलात. इन्सर्ट बदलला आणि ऑफसेट शून्य झाली नाही तर मशीन चालूच होऊ नये, असा इंटरलॉक प्रोग्रॅममध्ये टाकता येतो. टूल लाइफ काउंटर रीसेट केल्याशिवाय सायकल स्टार्ट होणार नाही, असं करता येतं. जपान्यांनी पोका-योके म्हणून साठच्या दशकापासून हेच केलं. माणूस चुकणारच, चुकायला जागा ठेवू नका. नानांना मेमो देऊन पुढच्या बुधवारी दुसरा नाना चुकणार.

शिवाय एका शिफ्टला किती मशीन एका माणसाकडं आहेत? दोन असतील तर दर तासाला पाच पीस मापायला त्याला वेळ कुठला? हे साहेबांना लेखी विचारा की.

---

खडूस | मंगळवार, सायंकाळी ६:५०

मायक्रॉन, ऑफसेट राहिली ती पद्धतीची चूक, मान्य. पण न मापता लिहिलेले तीन आकडे? त्यालाही इंटरलॉक लावणार? विसरला माणूस वेगळा आणि लिहिला माणूस वेगळा.

---

मायक्रॉन | मंगळवार, सायंकाळी ७:०४

गेजला केबल लावून रीडिंग थेट कॉम्प्युटरला घेता येतं. पण हो, तुमचा मुद्दा बरोबर आहे. (खडूसशी सहमत झालो, स्क्रीनशॉट काढून ठेवा कुणीतरी.)

---

माहुलीची लेक | मंगळवार, रात्री ९:१५

सातारा तालुक्यात दोन शिक्षकी शाळा आहे. मी मुख्याध्यापिका आणि दुसरे एक सर. बस्स, स्टाफ संपला. सर माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे, अक्षर मोत्यासारखं, मुलांचा त्यांच्यावर जीव. आणि रोज पावणेबाराला येणार, शाळा साडेदहाची. मस्टरवर मात्र १०:२५. शेजारी माझी १०:२० ची सही. म्हणजे त्यांच्या खोट्याला माझी साक्ष रोज सकाळी ताजी.

मी क्षेत्र माहुलीची. रामशास्त्री प्रभुणे आमच्या गावचे. लहानपणापासून एकच गोष्ट ऐकत आलोय, की १७७३ साली नारायणरावांचा खून झाल्यावर शास्त्रीबुवांनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं, देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. भाषणात मीही दरवर्षी ही गोष्ट सांगते. एकदा असंच भाषण करून खाली बसले आणि शेजारी सर टाळ्या वाजवत होते. तेव्हा एक लख्ख कळलं. रामशास्त्र्यांना दुसऱ्या दिवशी दादासाहेबांबरोबर एकाच बाकावर बसून डबा खायचा नव्हता!

त्यांनी पुणं सोडलं. आपल्याला पुणं सोडता येत नाही. सगळी गोम तिथं आहे. निवाडा देणं एक वेळ सोपं, निवाड्यानंतर रोज भेटणं अवघड.

---

उगाच | मंगळवार, रात्री ९:२२

ताई, भाषणात हेच सांगा पुढच्या वर्षी. पोरं जागी राहतील.

---

आटपाडीचा | मंगळवार, रात्री १०:००

रामशास्त्री निघालेच आहेत तर आमच्या भागातलं पण सांगतो. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, कैद्यांची खुली वसाहत. औंध संस्थानच्या काळात १९३९ मध्ये सुरू झाली. पंतप्रतिनिधी राजेसाहेब आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांचा त्यामागं हात. कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात. आमच्या आज्जीला त्यांचं काही वाटायचं नाही, बाजारात भेटायची माणसं. लहानपणी मी विचारलं होतं, "ह्यांना सोडलंय का?" तर म्हणाली, "सोडलं न्हाई, ठेवलंय." भिंत नाही म्हणून शिक्षा माफ झाली असं नाही.

मला वाटतं आपण नानांबाबत दोनच टोकं धरून बसलोय. एक तर चिठ्ठी देऊन तोडून टाका, नाहीतर हसून सोडून द्या. ठेवून घेऊनही विचारता येतंच की.

---

हळदीचं पेव | मंगळवार, रात्री १०:३१

विषयांतराबद्दल माफी. कुपवाडकर, सेकंड शिफ्टला चहाबरोबर काय असतं? भडंग असेल तर कुठली, सांगलीची की जयसिंगपूरची?

---

उगाच | मंगळवार, रात्री १०:३३

झालं. आता धागा शंभरी गाठणार.

---

बेदाणा | मंगळवार, रात्री १०:४०

जयसिंगपूर. लसूण जास्त. विषय संपला.

---

हळदीचं पेव | मंगळवार, रात्री १०:४२

विषय संपला म्हणे! सांगलीत राहून असं बोलवतं कसं? आयर्विन पुलावर पाणी चाळीस फुटाला गेलं की इशारा पातळी आणि पंचेचाळीसला धोका. तुमची पोस्ट पंचेचाळीसच्या वर आहे.

---

कुपवाडकर | बुधवार, पहाटे १२:५०

सेकंड शिफ्ट सुटून आत्ता घरी आलो. सगळ्यांचं वाचलं. भडंग टपरीवरची असते, कुठली ते विचारलं नाही कधी.

वॉर्ड नंबर तीन, तुमच्या प्रश्नावर दिवसभर घुटमळतोय. सांगूनच टाकतो. रजिस्टरला मी "सेटिंग डिस्टर्ब" असं लिहिलं. कुणी, ते लिहिलं नाही. सकाळी साहेबांनी फोनवर विचारलं, "ते ट्रेनी पोरगं होतं ना त्या मशीनवर?" होतं. नानांच्या हाताखाली आहे ते, सहा महिन्यांसाठी. त्या दिवशी पीस पुसून ट्रेमध्ये लावत होतं, बाकी काही नाही. मी "हो, होतं" एवढंच म्हणालो. खोटं नव्हतं. साहेब "बघतो त्याच्याकडं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याला केबिनमध्ये बोलावून झाडलं. बाहेर आला तेव्हा कान लाल झालेले. माझ्याकडं आला आणि विचारलं, "दादा, मी कुठलं बटण दाबलं होतं?" म्हणजे त्यालाही वाटायला लागलं होतं की आपणच काहीतरी केलं असणार. पुढच्या महिन्यात त्याला ठेवायचं की नाही हे ठरणार आहे.

हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही. विसरलो नव्हतो.

---

खडूस | बुधवार, सकाळी ७:४०

आता ओवा मी खातो. माझा पहिला प्रतिसाद मागं घेतो, पण मेमोचं मत तेच आहे. आता तर जास्तच.

---

आबा वाळवेकर | बुधवार, सकाळी ८:०५

बाळ, म्हैस आणि मोटरसायकल अजून जागेवर आहे तोवर उठ. आधी साहेबांकडं जा, मग नानांकडं. उलटं करू नकोस. नानांशी आधी बोललास तर ते काहीतरी म्हणतील आणि तू पुन्हा बसशील.

---

वॉर्ड नंबर तीन | बुधवार, सकाळी ८:५०

लिहिलंत ते बरं केलंत. आबांचा क्रम मला पटला नाही, मी आधी त्या माणसाशी बोलले असते. पाठीमागनं कागद गेला की त्याचीच जखम जास्त दिवस राहते. पण पोराचं आज सांगा. ते उद्यावर नको.

---

माहुलीची लेक | बुधवार, दुपारी १:३०

शाळेतून लिहितेय, मधली सुट्टी आहे. माझं पुढं काय झालं ते राहिलं होतं. मी एक दिवस मस्टर माझ्या टेबलावर घेतलं आणि सर आल्यावर म्हटलं, "सर, घड्याळ बघून लिहा." हात थरथरत होता, पेन मी मुद्दाम टेबलावर ठेवलं, हातात दिलं नाही. त्यांनी ११:४५ लिहिलं. त्या वर्षी त्यांच्या तीन किरकोळ रजा लेटमार्कात गेल्या. गावात "बाई चढेल आहेत" असं झालं. माझ्या सासूबाईंपर्यंत पोचलं ते.

सर आता साडेदहाला असतात. माझ्याशी बोलायला आठ महिने लागले. पहिलं वाक्य होतं, "मॅडम, खडू संपलेत."

---

टिंबटिंब | बुधवार, दुपारी १:४४

मी कधीच कुणाचा साहेब नव्हतो, पण ज्याला कुणी काही विचारलं नाही अशा माणसाच्या बाजूनं एक. माझ्या पहिल्या नोकरीत मी बिलं चुकवायचो. साहेब माझ्या नकळत रात्री बसून दुरुस्त करायचे, मला काही म्हणाले नाहीत. फार चांगला माणूस. दोन वर्षांनी प्रमोशनच्या यादीत नाव नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "तुझं काम कच्चं आहे." मग दोन वर्षं का नाही सांगितलंत? "तुला वाईट वाटलं असतं."

आता दिसले तर मी नमस्कार करतो. मनापासून नसतो.

---

कुपवाडकर | शुक्रवार, रात्री १:१०

उशीर झाला, कळवायचं राहिलं होतं.

क्रम आबांचाच झाला, पण ठरवून नाही. गुरुवारी गेटवरच साहेब भेटले. मी उभ्या उभ्या म्हणालो, "पोराचा संबंध नाही. मी गप्प बसलो, माझी चूक." साहेब बराच वेळ बोलले, ते इथं लिहीत नाही. माझ्याही फाइलला एक कागद लागला. खरं सांगतो, तो लागल्यावर जरा बरं वाटलं. नानांकडं जाताना मी वर आणि ते खाली, असं राहिलं नव्हतं.

नानांना दुपारी पॅकिंगच्या मागं घेऊन गेलो. हसलो नाही, हे मुद्दाम पाळलं. रिपोर्टची झेरॉक्स आणि एक पीस, एवढंच घेऊन गेलो होतो. गेज त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नो-गो लावली, गेली. परत काढली, पुसली, परत लावली. मग म्हणाले, "रात्रीच्या ट्यूबखाली डायलचे दोन काटे दिसतात मला. कुठला खरा ते कळत नाही." वर्ष झालंय म्हणे. सांगितलं असतं तर मशीनवरनं काढून पॅकिंगला टाकतील आणि इन्सेंटिव्ह जाईल, म्हणून गप्प. मिरजेला डोळे दाखवायला जाणार आहेत, सोमवारची सुट्टी टाकलीय.

इथपर्यंत वाटलं, सुटलो. मग मी वकीलसाहेबांनी सांगितल्या शब्दांत लिहिलेला कागद काढला. नानांनी तो लांब धरून वाचला आणि म्हणाले, "पहिल्या वर्षी तू टरेट ठोकलास, सव्वा लाखाचा खर्च आला. तेव्हा मी कुणाच्या नावानं कागद काढला होता?"

टरेट म्हणजे मशीनचं टूल धरणारं फिरतं डोकं. कागद काढला नव्हता. "पॉवर गेली" असं रजिस्टरला लिहिलं होतं त्यांनी. मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. "नाना, सही करा" एवढंच म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

सही केली. वर बघून म्हणाले, "तारीख चुकलीय, आज अठरा आहे." मी सतरा लिहिली होती. त्यांनीच दुरुस्त केली, एक रेघ मारून, शेजारी सही करून.

आज डबा त्यांनी फोर्कलिफ्टवाल्यांच्यात खाल्ला.

---

अॅडव्होकेट मिरजकर | शुक्रवार, सकाळी ९:००

खुलाशात डोळ्यांचं लेखी येऊ द्या, आणि मेडिकल पेपर जोडायला सांगा. त्यांच्याच फायद्याचं आहे. टरेटच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही.

---

मायक्रॉन | शुक्रवार, सकाळी ९:२०

डिजिटल बोअर गेज मागा साहेबांकडं. मोठे आकडे दिसतात, काटा नसतो. ८६ पीसच्या भंगारापुढं त्याची किंमत काहीच नाही. आणि त्या मशीनवर एक दिवा लावा हो, चांगला पांढरा.

---

आटपाडीचा | शुक्रवार, सकाळी १०:११

दिवा आधी लावा. गेज यायला परचेसवाले दिवाळी करतील.

---

वॉर्ड नंबर तीन | शुक्रवार, दुपारी २:३०

टरेटचं उत्तर मलाही सुचत नाहीये. पण त्या वेळी पॉवर गेल्याचं कुणाच्या माथी आलं होतं? कुणाच्याच नाही ना? मग ते आणि हे एक नाही, एवढं मला वाटतं. डबा येईल परत. वाट बघा, बोलवायला जाऊ नका.

---

उगाच | शुक्रवार, दुपारी २:४१

आणि पोराला घेतलं का?

---

कुपवाडकर | शुक्रवार, रात्री ११:५५

अजून नाही. मंगळवारी साहेब सांगणार आहेत. दिवा आज लावला. लावताना शिडी नानांनी धरली होती, बोलले काही नाही.

---

हळदीचं पेव | शनिवार, सकाळी ८:१२

मंगळवारी धागा वर काढा. आणि टपरीवाल्याला तेवढं विचारा की.